माळाला पड म्हणू नका

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री कीर्तनापूर्वी झालेले भाषण. समितीच्या आग्रहावरून वक्त्याने स्वतः लिहून दिले.)



काल कळस चढला तेव्हा अनेकांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. ज्यांनी रोख दिले त्यांनी दिलेच, पण ज्यांनी ट्रॅक्टरच्या खेपा दिल्या, ज्या बायकांनी डोक्यावरून पाणी वाहिले, त्यांचेही हे देऊळ आहे. त्या सर्वांचे आभार मानण्याचे काम समितीने केलेलेच आहे. मला समितीने वेगळे काम सांगितले. "तुम्ही कचेरीत आहात, तालुका हिंडलेले आहात, रानावनाविषयी चार शब्द बोला," असा निरोप आला.

मी काही विद्वान माणूस नव्हे. एस. एस. सी. झालो आणि तहसील कचेरीत कारकून म्हणून लागलो. परंतु दोन गोष्टींमुळे उभे राहण्याचे धाडस केले. एक म्हणजे माझ्या आजोबांची मेंढरे ह्याच माळावर चरली. दुसरी म्हणजे वीस वर्षे ह्या भागातील जमिनीचे कागद माझ्या हाताखालून गेले. त्या कागदांत माझ्याकडून एक चूक झाली आहे. ती आज देवासमोर आणि आपणासमोर सांगावयाची आहे. पण ती शेवटाकडे सांगेन. आधी विषय.

रान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? उंच झाडे, गर्द सावली, वाघ, अस्वल. मुलांच्या पुस्तकांत तसेच चित्र असते. मग आपण आपल्या भोवती पाहतो आणि म्हणतो, आपल्याकडे कसले आले आहे रान! हा समज खोडून काढण्यासाठी मी आपणांस भीमेच्या काठाकाठाने थोडा प्रवास घडवतो.

आपली भीमा उगम पावते भीमाशंकराच्या डोंगरात. तेथे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. एवढ्या पावसामुळे तेथील रान बाराही महिने हिरवे असते. अंजनी, जांभूळ, आंबा, हिरडा अशी झाडे एकमेकांत फांद्या घालून उभी असतात. त्यांच्या बुंध्यांवर शेवाळ आणि खोडांवर आमरीची फुले. त्या रानात शेकरू राहते. शेकरू म्हणजे मोठी तांबूस खार, शेपटीसकट सुमारे तीन फूट लांब. ती सहसा जमिनीवर उतरत नाही, ह्या झाडावरून त्या झाडावर झेप घेते आणि उंच फांद्यांवर एकाहून अधिक घरटी बांधते. म्हणजे फांदीला फांदी लागलेली असेल तरच शेकरू जगेल. मधली चार झाडे तोडली की तिचा रस्ता बंद. हेच शेकरू आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर आहे. तेथील महादेव कोळी बांधव हिरडा गोळा करून विकतात. रान राहिले तर हिरडा राहील हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

त्याच डोंगरांत आहुपे आणि मावळात आजिवली येथे देवराया आहेत. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. त्यातली काडीसुद्धा घरी न्यायची नाही असा दंडक. आजिवलीच्या राईत भेर्ली माडाची झाडे आहेत. पुण्याचे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ व वा. द. वर्तक ह्यांनी १९७० नंतरच्या काळात ह्या देवरायांचा अभ्यास केला. बाहेर नाहीशी झालेली झाडे देवाच्या धाकाने येथे टिकली, हे त्यांनी जगापुढे मांडले. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

भीमाशंकराहून खाली खेड-आंबेगावच्या बाजूस उतरलो की पाऊस झपाट्याने कमी होतो. तेथे पानझडीचे रान लागते. साग, ऐन, धावडा, पळस ही झाडे उन्हाळ्यात पाने टाकून देतात. आपण खर्चाला आळा घालतो तसेच हे आहे. पाणी कमी, म्हणून झाड पानांचा खर्च थांबवते.

आणखी पूर्वेला आलो की शिरूर. भीमेच्या उत्तरेस शिरूर तालुका, दक्षिणेस दौंड तालुका. घोड, कुकडी, मुळा-मुठा ह्या नद्या आपल्या भागातून वाहतात, परंतु आकाशातले पाणी आपल्या वाट्याला थोडे. सह्याद्रीने ढग अडवले की त्याच्या पाठीमागे आपण पर्जन्यछायेत येतो. वर्षाला साडेचारशे ते पाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. जमीन पाहिली तर नदीकाठ सोडून मुरमाड, हलकी, वीतभर खोल. एवढ्या मातीत आणि एवढ्या पाण्यात गर्द झाडी होणे शक्य नाही. मग निसर्गाने येथे काय केले? त्याने येथे गवताचे रान केले.

मित्रहो, हे माझे मुख्य सांगणे आहे. चंद्रपूर-गडचिरोलीला साग, मोह, तेंदू आणि बांबू आहे, ताडोबा-मेळघाटात वाघ आहे, कोकणच्या खाड्यांना कांदळवन आहे, तसे आपल्याला माळरान आहे. हे उजाड झालेले जंगल नव्हे. आफ्रिका खंडातील सिंह आणि जिराफ ज्या गवताळ मैदानांत राहतात, मंगोलियातील घोडे ज्या गवतावर चरतात, त्यांच्याच जातकुळीतले हे रान आहे. त्याला उंची नाही म्हणून ते आपल्याला दिसत नाही, एवढेच.

आता ह्या रानात काय काय आहे ते पाहू. गवतांत पवना, मारवेल, शेडा आणि कुसळ. पवना आणि मारवेल जनावर आवडीने खाते. कुसळीला आपण शिव्या देतो, कारण ती धोतरात, पायजम्यात आणि मेंढराच्या लोकरीत शिरते. पण तिची करामत ऐकण्यासारखी आहे. तिच्या बीला एक पीळ घातलेली शेपटी असते. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो. असे फिरत फिरत ते बी गिरमिटासारखे स्वतःच जमिनीत शिरते. पेरायला कोणी माणूस नको, की पाभर नको. पहिला पाऊस पडला की आठ दिवसांत करडा माळ हिरवा होतो. आणि गवत दिसते वीतभर, पण त्याच्या मुळ्या खाली जाळे विणतात. मुरूम धरून ठेवतात, पाणी मुरवतात. माळाखालच्या विहिरी कोणामुळे टिकतात ह्याचा विचार आपण केला आहे का?

गवतामधून विखुरलेली झाडे आहेत. हिवर, बाभूळ, बोर, खैर, हिंगण, लिंब, नेपती. बहुतेकांना काटे. पान मोठे केले तर पाणी उडून जाते आणि काटा नसेल तर शेळी सोडत नाही, म्हणून ह्या झाडांनी पाने बारीक केली आणि काटे मोठे केले. हिवराच्या शेंगा उन्हाळ्यात शेरडा-मेंढरांच्या तोंडी लागतात. बोरे माणसाइतकीच खोकडालाही आवडतात. तरवडाचे पाहा. उन्हातान्हात, दगडात पिवळ्याधमक फुलांनी तो डवरतो. नवरात्रात घटाला माळ लागते ती तरवडाच्या फुलांची. दसऱ्याला सोने म्हणून वाटतो ती आपट्याची पाने. पंगतीची पत्रावळ पळसाच्या पानांची. म्हणजे आपल्या देवाचे सगळे सणवार ह्या माळाच्या जिवावर चालत आले आहेत. भैरवनाथाने कधी गुलाब मागितला नाही.

आता जनावरे. माळाचा राजा म्हणाल तर चिंकारा. आपण त्याला नुसते हरिण म्हणतो. अंग वाळलेल्या गवताच्या रंगाचे, पोट पांढरे, चेहऱ्यावर दोन्ही बाजूंनी पांढरी रेघ. नराची शिंगे वीतभराहून थोडी मोठी, मादीलाही बारीक शिंगे असतात. काळवीट वेगळे. त्याचा नर काळा, शिंगे पिळाची, आणि ते कळपाने राहते. चिंकारा एकटा किंवा दोघे-तिघे असा राहतो. त्याचे नवल असे की तो पाण्यावाचून बरेच दिवस राहू शकतो. पाल्यातली ओल आणि पहाटेचे दहिवर ह्यांवर तो भागवतो. आणि त्याला झाडी नको, मोकळे रान पाहिजे. दूरवर नजर जावी आणि धोका दिसताच पळता यावे, एवढेच त्याचे संरक्षण. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे ते ह्या चिंकाऱ्यांसाठीच. १९९७ साली ते झाले. क्षेत्र फक्त ५.१४ चौरस किलोमीटर. दौंडहून तासाभराची वाट आहे, मुलांना एकदा जरूर दाखवून आणा. काळवीट पाहावयाचे असेल तर भीमेपलीकडे कर्जत तालुक्यात रेहेकुरीला जावे. ते अभयारण्य १९८० सालचे.

दुसरा लांडगा. आपल्या गोष्टींत तो नेहमी लबाड आणि दुष्ट असतो. माझ्या आजोबांचे मत वेगळे होते. ते म्हणत, "वर्षाला दोन कोकरं तो नेणारच. तो त्याचा वाटा. आपण त्याच्या रानात चारतो की नाही?" ज्याचे कोकरू जाते त्याला हे बोलणे सोपे नसते, हे मी जाणतो. पण लांडगा उंदीर आणि ससेही खातो. आज सबंध देशात लांडगे तीन हजारांच्या आसपास उरले असावेत असा अंदाज आहे. म्हणजे ते वाघांपेक्षाही कमी झाले. आता तर दुसरे संकट आहे. गावोगावच्या मोकाट कुत्र्यांचे रोग त्यांना लागतात. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा ह्यांचा संकर झाल्याचेही अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पिढ्यान् पिढ्यांची जात अशी पातळ होत चालली आहे.

खोकड म्हणजे कोल्ह्याहून लहान, शेपटीचे टोक काळे. ते उंदीर, किडे, खेकडे आणि बोरे खाऊन राहते. ज्याच्या शेतात खोकडाचे बीळ आहे त्याने उंदराच्या औषधाचा खर्च वाचवला असे समजावे. तरस मेलेल्या ढोराची हाडेसुद्धा फोडून खाते. गावाची घाण फुकट साफ करणारा हा नोकर आहे, आणि पगार म्हणून आपण त्याला दगड मारतो.

पाखरांचे नाव घेतले तर रात्र पुरणार नाही. तितर, लावा, टिटवी, चंडोल, पखुर्डी, धाविक. ह्यांतील बहुतेक झाडावर घरटे करीत नाहीत, उघड्या जमिनीवर अंडी घालतात. अंडी खड्यांच्या रंगाची, पाय पडला तरी कळत नाही. हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी थेट मध्य आशियातून येतात, दिवसभर माळावर घिरट्या घालून नाकतोडे आणि टोळ टिपतात आणि रात्री गवतातच झोपतात. झाडावर नाही, गवतात! शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली आपण सर्वांनी पाहिली असेल. चिंचेच्या झाडांत आणि माणसांच्या अंगणांत तेथे मोर नांदतात, कारण गावाने त्यांना मारले नाही. पूर्वेला खानोटा, भिगवण, कुंभारगावच्या बाजूला उजनीचे पाणी १९८० नंतर पसरले आणि त्या उथळ पाण्यावर रोहित पक्षी येऊ लागले. ते पाहण्यासाठी लांबून मोटारी येतात.

परंतु एक पाखरू गेले. माळढोक. हाही आपल्या माळाचाच. माणसाच्या कमरेच्या वर उंच, आणि पावसाळ्यात नर छाती फुगवून घुमतो ते लांबवर ऐकू येते. माझ्या आजोबांनी तो पाहिलेला होता. मी पाहिला नाही. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूरकडे नान्नजचे अभयारण्य झाले. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही जमिनीवर. माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, कुत्री वाढली. आता देशात दीडशेच्या आतबाहेर माळढोक उरले असतील आणि तेही बहुतेक राजस्थानात. आपल्या महाराष्ट्रात तो जवळजवळ संपला. माझ्या मुलीने विचारले, "आबा, माळढोक केवढा असतो?" तेव्हा मला हाताने दाखवावे लागले. पुढे तिला तिच्या मुलांना चिंकारा हाताने दाखवावा लागू नये.

आता माझी चूक सांगतो.

आमच्या कागदांत एक शब्द आहे: पड. जी जमीन नांगराखाली नाही ती पड. आणि सातबाऱ्यावर जी लागवडीला अयोग्य ती पोटखराबा. सरकारी कामाला हे शब्द ठीक आहेत. हिशेब ठेवायचा तर कोष्टक लागतेच. पण शब्द रोज लिहिला की तो डोक्यात शिरतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका गावच्या माळाची माहिती वर पाठवावयाची होती. गावाचे नाव घेत नाही. मी जागेवर गेलो नाही. जुना कागद समोर ठेवला आणि लिहिले, "सदर जागा पड असून झाडझाडोरा नाही, निरुपयोगी आहे." खाली सही होऊन कागद गेला. पुढे त्या माळावर यंत्राने चर खणले गेले आणि ओळीने गिरिपुष्पाची रोपे लागली. गिरिपुष्प म्हणजे ज्याला काही जण उंदीरमारी म्हणतात ते मध्य अमेरिकेतले झाड. उद्घाटनाला मीही होतो. एक रोप माझ्या हातचे. फोटो घरी आहे. मला मोठा अभिमान वाटला होता की उजाड माळावर आपण जंगल उभे केले.

चार वर्षांनी त्याच रस्त्याने जात होतो. रोपे वाढली होती, गर्दी करून उभी होती. सावलीखाली गवत नव्हते. वाटेत एक म्हातारे मेंढपाळ बसले होते. मी मोठ्या हौसेने विचारले, "काय बाबा, झालं की नाही रान?" ते म्हणाले, "झालं की भाऊसाहेब. पण ह्यो पाला माझी मेंढरं खाईनात, अन् हरणं बी गेली. आधी चार-पाच असायची. रान लावलंत, पर माळ काढून घेतलात." एवढे बोलून त्यांनी काठी उचलली आणि मेंढरे पुढे हाकली.

मी पुष्कळ वेळ तेथेच उभा होतो. मी कोणाची जमीन लुबाडली नव्हती, पैसा खाल्ला नव्हता. फक्त न पाहता एक शब्द लिहिला होता. झाड लावणे हे पुण्याचे काम आहे, ह्यात शंका नाही. गावठाणात लावा, रस्त्याकडेला लावा, बांधावर लावा, ओढ्याकाठी लावा. पण जेथे निसर्गाने गवत ठेवले आहे तेथे परदेशी झाडांची गर्दी करणे म्हणजे दुसऱ्याचे घर पाडून त्यावर आपले घर बांधणे होय. तेव्हापासून कोणत्याही माळाचा कागद आला की मी आधी जाऊन पाहून येतो. एका कारकुनाच्या हातात एवढेच आहे, पण तेवढे मी करतो.

कोणी म्हणतील, हरणे-लांडग्यांचे ठीक आहे, बिबट्याचे काय ते बोला. बरोबर आहे. आपल्या घराघरात आज तीच भीती आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबर महिन्यांत आपल्याच शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात वीस-बावीस दिवसांच्या आत तिघांचा बळी गेला. त्यांत दोन लहान मुले होती. लोक रस्त्यावर बसले. एक बिबट्या गोळी घालून मारावा लागला. त्या आईबापांपुढे जाऊन वन्यजीवांचे कौतुक सांगण्याची माझी छाती नाही, आणि मी ते सांगणारही नाही. माणसाचे लेकरू आधी.

परंतु हे का झाले ते समजून घेतले पाहिजे. बिबट्या हे मोकळ्या माळाचे जनावर नव्हे. त्याला दडण लागते. धरणांचे आणि कालव्यांचे पाणी आले, ऊस आला, आपली गरिबी हटली. माझ्याही घरी ऊस आहे. पण आडसाली ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो. आत गारवा, पाणी, डुकरे आणि वस्तीवर कुत्री. मादी उसातच विते, पिल्ले उसातच वाढतात. त्या पिल्लांनी डोंगर पाहिलेलाच नाही, त्यांच्या लेखी ऊस हेच रान. २००१ नंतर जुन्नर वन विभागात बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचा उपाय झाला. विद्या अत्रेय ह्यांनी अभ्यास करून दाखवले की त्यामुळे माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले. नव्या जागी भांबावलेले जनावर जास्त धोक्याचे ठरले. म्हणून नुसते "घेऊन जा" म्हणून भागत नाही. जो माणसावर जातो तो पकडलाच पाहिजे, जुन्नरजवळ माणिकडोह येथे निवारा केंद्र आहे. पण बाकी काळजी आपणच घ्यावयाची आहे.

त्या काळजीत अवघड असे काही नाही. दिवेलागणीनंतर लहान मूल अंगणात एकटे नको. उसाला लागून घर असेल तर मध्ये मोकळी पट्टी ठेवावी. शेरडे-वासरे रात्री बंद गोठ्यात. जत्रेतले आणि लग्नातले उष्टे गावाबाहेर टाकू नये. त्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांवर बिबट्या. वाकून काम करताना एकट्याने करू नये. तोडणीत पिल्ले सापडली तर हात न लावता वन खात्याला कळवावे. ती तेथेच ठेवली तर मादी रात्रीतून घेऊन जाते, आणि आपण उचलून नेली तर ती चवताळून वस्तीभोवती फिरते. शेतीला दिवसा वीज मिळावी ही मागणी आपण सर्वांनी एकमुखाने लावून धरली पाहिजे, कारण रात्री दारे धरायला जाणारा माणूसच सर्वांत आधी संकटात सापडतो. आणि हेही लक्षात घ्या की माळ मोडून ऊस वाढला तेव्हा चिंकारा गेला आणि बिबट्या आला. मोकळा माळ म्हणजे बिबट्याला नकोशी जागा. आपल्या वस्तीला त्याचाही आधार आहे.

आता देवळाकडे येतो. देवळामागचा साडेतीन एकर माळ आपल्या सर्वांना माहीत आहे. देवस्थान इनामाची ती जमीन. लहानपणी आम्ही त्याच वाटेने शाळेत जात असू आणि थंडीत सकाळी तेथे तीन-चार हरणे उभी असत. आजही अधूनमधून एखादे दिसते, पुजारीबुवांनी गेल्या हिवाळ्यातच पाहिले. जीर्णोद्धार समितीपुढे योजना आहे की तो माळ यंत्राने सपाट करून तेथे भक्तनिवास, मोटारींसाठी जागा आणि बाग करावी. त्यासाठी काही देणगीदारांनी रकमाही बोलून ठेवल्या आहेत. त्यांचा हेतू चांगला आहे, त्यांच्या भक्तीविषयी मला आदर आहे. तरीसुद्धा हात जोडून विनंती करतो की ह्याचा पुन्हा विचार व्हावा.

भक्तनिवास हवा, हे मान्य. तो रस्त्याच्या बाजूला, जुन्या चावडीच्या सपाट जागेत होऊ शकतो. मोटारी वर्षातून दोन दिवस येतात, त्या काढणी झालेल्या रानात उभ्या राहतील. मागचा माळ मात्र देवाचे कुरण म्हणून राखावा. वर डोंगरात देवराई असते, तशी आपल्याकडे देवाचे कुरण का असू नये? पावसाळ्यात दसऱ्यापर्यंत चराई बंद ठेवावी, म्हणजे गवताचे बी पडेल. नंतर गवत कापून नेण्याचा लिलाव करावा, पैसे देवाच्या खात्यात जमा करावेत. वणवा लावू नये. जाळले की गवत चांगले येते हा समज आहे, पण त्यात जमिनीवरची अंडी, पिल्ले आणि बी जळते. वेडी बाभूळ आणि घाणेरी उपटून काढावी. झाडे लावावयाची तर फक्त कडेने, तीही आपली: बोर, हिवर, लिंब, आपटा. तारेचे कुंपण नको, हरिण त्यात अडकते. त्यापेक्षा एक राखणदार नेमावा.

दुष्काळाचीही आठवण ठेवा. माझे वडील १९७२ च्या दुष्काळाविषयी सांगत. खडी फोडायला सगळे गाव गेले, जनावरे मिळेल त्या भावाने विकली. त्या वर्षी राखलेल्या गवताची एक गंजी सोन्याच्या मोलाची झाली होती. दुष्काळ काही कायमचा गेला आहे असे नाही. कालव्याचे पाणी कमी झाले की आपल्याला हाच माळ आठवणार आहे.

निर्णय ग्रामसभेचा आणि समितीचा. मी एक साधा गावकरी आहे. समितीने दुसरे ठरवले तरी मी ह्याच देवळात येणार आणि ह्याच पंगतीत बसणार. परंतु माझी पाच हजार एक रुपयांची देणगी मी बागेसाठी न देता राखणदाराच्या पहिल्या पगारासाठी देत आहे. ती समितीने तशी नोंदवून घ्यावी अशी विनंती.

आपण देवळाचे दगड नवे केले, शिखर नवे केले. पण भैरवनाथ हा क्षेत्रपाल आहे. क्षेत्राचा, म्हणजे ह्या रानाचा राखणदार आहे. त्याचे घर आपण नीट केले, आता त्याचे रानही नीट ठेवू. पुढच्या जत्रेला पालखी माळाच्या वाटेने निघेल तेव्हा बाजूला गवत डोलत असावे, तरवड फुललेला असावा, आणि लांबवर मान वर करून एखादे हरिण पाहत उभे असावे. एवढे दिसले तर मी लिहिलेल्या त्या एका ओळीचे थोडे तरी पापक्षालन झाले असे समजेन.



भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!